कर्नल बायसेक्ट भलत्याच पॅचवर का थांबतं, आणि खरा पॅच कसा सापडतो

प्रश्न असा आहे. लॅपटॉप लिनक्सच्या ६.७ कर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सस्पेंडमधून, म्हणजे झोपेतून, बिनतक्रार जागा व्हायचा. ६.८ टाकल्यापासून कधी जागा होतो, तर कधी स्क्रीन काळीच राहते आणि पॉवर बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसतं. प्रश्नकर्त्याने दोन दिवस खपून गिट बायसेक्ट केलं, म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या मदतीने बिघाड आणणारा पॅच, कोडमधला एक बदल, शोधला. शेवटी जो पॅच हाती लागला, तो त्याच्या मशीनमध्ये नसलेल्याच एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा. आता त्याचा बायसेक्टवरचा विश्वासच उडाला आहे.

तो उडू देऊ नका. गिटचं गणित बरोबर असतं, चूक होते ती आपण त्याला दिलेल्या एखाद्या निकालात. ‘कधी जागा होतो, कधी नाही’ हे शब्द वाचले तेव्हाच ती कुठे झाली असेल याचा अंदाज आला.

गिट काय करतं ते आधी पाहू. ६.७ चांगला, ६.८ वाईट, एवढं सांगितलं की गिट संशयित पॅचांची साधारण निम्मी-निम्मी विभागणी होईल असा मधला बिंदू निवडतं. तिथला कर्नल बिल्ड करायचा (कोडपासून तयार करायचा), बूट करायचा, तपासायचा आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगायचं. दर उत्तराला निम्मे संशयित बाद. ६.७ आणि ६.८ यांच्यामध्ये सुमारे १४ हजार पॅच आहेत, आणि दोनचा चौदावा घात १६,३८४ होतो, म्हणून साधारण १४ फेऱ्यांत काम संपतं. मात्र जो भाग एकदा बाद झाला, त्याकडे गिट पुन्हा वळून पाहत नाही. तिसऱ्या फेरीत वाईट कर्नलला चुकून ‘गुड’ म्हटलंत, तर खरा पॅच त्याच क्षणी हातातून गेला. पुढच्या अकरा फेऱ्या तुम्ही तो नसलेल्या भागात शोधत राहता आणि शेवटी कुठला तरी एक पॅच उरतोच, कारण काहीतरी उरणं हा त्या पद्धतीचा नियमच आहे.

या चुकीची एक खूण लॉगमध्ये राहते आणि ती फार कमी लोक पाहतात. वाईट कर्नलला ‘गुड’ म्हटल्यानंतर उरलेल्या प्रत्येक बिंदूवर खरा दोषी पॅच आधीच आलेला असतो. म्हणजे तिथून पुढे उत्तरं येतात ती बॅड, बॅड, बॅड, शेवटपर्यंत बॅड. चांगल्या कर्नलला ‘बॅड’ म्हटलं असेल तर उलट, सगळे गुड. प्रामाणिक बायसेक्टमध्ये गुड आणि बॅड मिसळून येतात. शेवटची सहाही उत्तरं एकसारखी येण्याची शक्यता साधारण बत्तीसात एक. तेव्हा ‘गिट बायसेक्ट लॉग’ चालवा आणि शेपटाकडून वर वाचत जा. एकसारख्या उत्तरांची लांब रांग दिसली, तर ती रांग जिथे सुरू होते त्याच्या लगेच आधीचं विरुद्ध उत्तर हा तुमचा पहिला संशयित. तुमच्या बाबतीत ते ‘गुड’च असणार, अशी माझी जवळपास खात्री आहे.

कारण अधूनमधून दिसणाऱ्या बगमध्ये ‘बॅड’ स्वस्त असतं आणि ‘गुड’ महाग. एकदा स्क्रीन काळी राहिली की निकाल लागला. पण पाच वेळा नीट जागा झाला म्हणजे चांगला, हे कशावरून? म्हणून बायसेक्टला हात लावण्याआधी एक संध्याकाळ फक्त वाईट कर्नलवर घालवायची आणि मोजायचं. ‘आरटीसीवेक’ नावाची छोटी उपयुक्तता बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (डेबियन, उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचांमध्ये) आधीपासून असते. ती मशीनला झोपवते आणि ठरवलेल्या सेकंदांनी घड्याळाच्या अलार्मवर जागं करते. तिला लूपमध्ये टाका, दर वेळी क्रमांक फाइलमध्ये लिहून डिस्कवर सिंक करा. मशीन अडकलं की फाइलमधला शेवटचा आकडा सांगतो कितव्या खेपेला अडकलं.

समजा ४० खेपांत १० वेळा अडकलं, म्हणजे चारात एकदा. वाईट कर्नल आठ खेपा सलग सुखरूप पार पडण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असं आठ वेळा, म्हणजे १० टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण १४ फेऱ्यांत साधारण सात कर्नल खरोखर वाईट असतात आणि त्या प्रत्येकाला निसटण्याची ही संधी मिळते. सातही वेळा तुम्ही न फसण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी उरते. तेच १६ खेपा केल्या तर एका फेरीतली चूक १ टक्क्यावर येते आणि संपूर्ण बायसेक्ट बिघडण्याची भीती ७ टक्क्यांच्या आसपास. दुप्पट तपासणी, पण निम्म्याहून जास्त धोक्यावरून ७ टक्क्यांवर. ‘गुड’ म्हणायला किती खेपा हव्यात ते या हिशोबाने आधी ठरवून कागदावर लिहा, आणि रात्री दोन वाजता कंटाळा आला तरी तो आकडा कमी करू नका. खेपा वाचवायच्या असतील तर बग जास्त वेळा कसा दिसेल ते शोधा. चार्जर लावून, काढून, बाहेरचा मॉनिटर जोडून, यूएसबी हब लावून पाहा. चारात एकदाचा बग दोनात एकदा दिसू लागला तर सगळं काम अर्ध्याहून कमी होतं. अशा शोधात गेलेला अर्धा दिवस मला कधीच वाया गेलेला वाटला नाही.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: ‘बॅड’ म्हणजे नेमकं काय? कोणताही बिघाड म्हणजे बॅड नव्हे, तुमचाच बिघाड म्हणजे बॅड. आवृत्त्यांच्या मधल्या टप्प्यांवर असे बग असतात जे आले आणि दोन आठवड्यांत दुरुस्तही झाले. तुमचा आरंभ आणि शेवट या दोन्ही ठिकाणी ते नसतात, वाटेत मात्र भेटतात. अशाच सस्पेंडच्या एका बगमागे असताना सातव्या फेरीत माझी स्क्रीन काळी राहिली. ‘बॅड’ टाइप करायला दुसऱ्या मशीनकडे वळलो होतो. सहज म्हणून कॅप्स लॉक दाबलं आणि त्याचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मी हात मागे घेतला. माझ्या मूळ बगमध्ये कॅप्स लॉकचा दिवा कधीच हलत नसे, सगळं मशीनच गोठलेलं असायचं. इथे कर्नल जिवंत होता, फक्त डिस्प्ले परत आला नव्हता. नेटवर्कवरून लॉगिन केलं तर झालं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ग्राफिक्स ड्रायव्हरची तक्रार स्वच्छ लिहिलेली. म्हणजे हा दुसराच बग. मी ‘गिट बायसेक्ट स्किप’ दिलं आणि शेजारच्या बिंदूवर गेलो. त्या फेरीला ‘बॅड’ म्हटलं असतं तर शोध ग्राफिक्सच्या कोडमध्ये जाऊन संपला असता. खरा पॅच यूएसबी कंट्रोलरचा निघाला. त्या दिवसापासून मी बगचं लक्षण तीन ओळींत आधी लिहून काढतो: काय दिसतं, काय चालू राहतं, काय मरतं.

आता तयारी. डिस्ट्रोचा कर्नल घेऊन बायसेक्ट सुरू करता येत नाही, कारण त्यात त्यांचे स्वतःचे पॅच असतात. मूळ ६.७ आणि मूळ ६.८ हे दोन्ही टोकांचे कर्नल स्वतः, एकाच कंपायलरने, एकाच कॉन्फिग फाइलवरून (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) बिल्ड करा आणि ६.७ खरंच चांगला, ६.८ खरंच वाईट आहे हे वर ठरवलेल्या खेपांनी सिद्ध करा. तुमचा ६.८ बिघडतच नसेल तर दोष डिस्ट्रोच्या पॅचमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये आहे आणि शोधाची जागाच वेगळी. त्याच बैठकीत आजचा ताजा मेनलाइन, म्हणजे मुख्य झाडातला, कर्नलही तपासा. बग तिथे नसेल तर तो कुणीतरी आधीच दुरुस्त केला आहे, आणि तुम्हाला शोधायचा आहे तो दुरुस्तीचा पॅच. त्यासाठी गिटमध्ये ‘गुड-बॅड’ऐवजी ‘ओल्ड-न्यू’ असे शब्द वापरता येतात, म्हणजे डोक्यात उलटसुलट होत नाही.

कॉन्फिगच्या बाबतीत एक सापळा आहे. पूर्ण डिस्ट्रो कॉन्फिगवर बिल्ड फार वेळ खातो, म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरतात. ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच (कर्नलला गरजेपुरते जोडले जाणारे भाग) ठेवतं आणि बाकी सगळं काढून टाकतं. तेव्हा ते चालवण्याआधी जे जे लागतं ते सगळं जोडून, एकदा वापरून घ्या. मिळालेली फाइल बाजूला जपून ठेवा आणि प्रत्येक फेरीत तीच मूळ प्रत आणून ‘ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा, म्हणजे यादीत नसलेल्या पर्यायांना ठरलेली मूल्यं मिळतात. आधीच्या फेरीची फाइल पुढे नेत राहिलात तर जुन्या कर्नलवर गेल्यावर नवे पर्याय गळून पडतात, परत पुढे आल्यावर ते परत येतातच असं नाही. मग नकळत तुमचा ड्रायव्हरच बंद असलेला कर्नल तुम्ही तपासता, बग दिसत नाही आणि तुम्ही आनंदाने ‘गुड’ म्हणता.

आणि दर बूटनंतर ‘यूनेम’, ही चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी आज्ञा. कॉन्फिगमध्ये ‘लोकलव्हर्जन ऑटो’ चालू ठेवलं की आवृत्तीच्या नावात गिटचा हॅश, म्हणजे त्या बिंदूची ओळखखूण, येतो. तो बायसेक्टने दिलेल्या हॅशशी ताडून पाहा. बूट पार्टिशन भरलं म्हणून नवा कर्नल बसलाच नाही आणि मेन्यूने मुकाट्याने जुना उचलला, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ही तपासणी आता माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ आहे. स्वतः बिल्ड केलेला कर्नल सिक्युअर बूट अडवतो, तेव्हा ते तात्पुरतं बंद करावं लागेल किंवा आपल्या चावीने सही करावी लागेल. बाहेरची, कर्नलच्या झाडात नसलेली मॉड्यूलं काढून टाका. ती असताना कर्नल ‘टेंटेड’ (डागाळलेला) दिसतो, आणि मेंटेनर, म्हणजे कोडच्या त्या भागाची देखभाल करणारे, सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारतील.

सुरुवात केल्यावर एक गोष्ट पाहून लोक घाबरतात. ६.७ आणि ६.८ च्या मध्ये शोधत असताना बिल्ड झालेला कर्नल स्वतःला ६.७ चा आरसी, म्हणजे प्रसिद्धीआधीची चाचणी आवृत्ती, म्हणवतो, क्वचित त्याहून जुना. गिट चुकलेलं नसतं. लिनक्सचा इतिहास सरळ रेषेत नाही. प्रत्येक उपप्रणालीचा मेंटेनर आपली ब्रँच, म्हणजे इतिहासाची फांदी, एखाद्या जुन्या आरसीवरून सुरू करतो, आठवडेच्या आठवडे त्यात पॅच साठतात आणि ६.७ प्रसिद्ध झाल्यावर दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोमध्ये ती ब्रँच मुख्य झाडात येते. ब्रँचच्या पोटात उतरलं की मेकफाइलमधला आकडा जुनाच असणार. त्यावरून ‘हा तर ६.७ च्या आधीचा, म्हणजे गुड’ असं न तपासता ठरवणं ही नवख्यांची हमखास चूक.

जिवाला जपण्याची एक सूचना इथेच. मधले टप्पे म्हणजे प्रसिद्ध झालेले कर्नल नव्हेत. मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या आरसी१ मध्ये स्वॅप फाइलच्या (मेमरीतला डेटा तात्पुरता डिस्कवर ठेवायची फाइल) कोडात असा बग होता की स्वॅपचा डेटा डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जायचा आणि फाइलसिस्टिम उद्ध्वस्त व्हायची. लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्सने त्या टॅगचं नावच बदलून पुढे ‘डोन्टयूज’ जोडलं आणि डेव्हलपरांना त्यावरून ब्रँच काढू नका असं सांगितलं. दुरुस्ती झाली, पण तो पट्टा इतिहासात कायमचा आहे, आणि बायसेक्ट आजही कुणाला त्यात उतरवू शकतं. म्हणून ज्या मशीनवर काम कराल त्याचा बॅकअप आधी. शक्य असेल तर वेगळी डिस्क लावून करा.

बिल्डच झाला नाही तर ‘स्किप’. जुना कोड नव्या कंपायलरने कधीकधी बिल्ड होत नाही. जीसीसी या कंपायलरची १० वी आवृत्ती आल्यावर जुन्या कर्नलांमध्ये डिव्हाइस ट्री कंपायलरचं एक चल दोनदा घोषित झाल्याची त्रुटी येऊन बिल्ड अडायचा, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. स्किप मोजकेच वापरा, कारण खरा पॅच वगळलेल्यांच्या घोळक्यात असेल तर गिट शेवटी एक नाव न देता पूर्ण यादी हातात ठेवतं. एखाद्याच डिरेक्टरीपुरतं बायसेक्ट मर्यादित करण्याची सोयही आहे. फेऱ्या वाचतात, पण दोष यूएसबीत आहे असं गृहीत धरून तो पॉवर मॅनेजमेंटमध्ये निघाला तर सगळं पाण्यात. मी ते टाळतो. १४ हजारांचे ७ हजार झाले तरी फेरी एकच वाचते.

बग व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसत असेल तर नशीब समजा. केमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला थेट कर्नलची इमेज देता येते, सिरियल कन्सोलवरून आउटपुट वाचता येतं आणि ‘गिट बायसेक्ट रन’ सगळं रात्रीत उरकतं. स्क्रिप्टने शून्य परत केलं की गुड, १२५ म्हणजे स्किप, १ ते १२७ मधला बाकी कोणताही आकडा बॅड, आणि १२८ किंवा त्यापुढचा आला की बायसेक्ट तिथेच थांबतं. बिल्ड फसला तर १२५ परत करायला विसरू नका, नाहीतर न झालेला प्रत्येक बिल्ड वाईट कर्नल म्हणून नोंदला जाईल. सस्पेंडसारख्या हार्डवेअरच्या बगला मात्र खरं मशीनच लागतं.

शेवटचा पॅच हाती आला की लगेच कुणाला लिहू नका. आधी पाहा, त्या पॅचने बदललेली फाइल तुमच्या कॉन्फिगमध्ये कंपाइल तरी होते का. बिल्ड डिरेक्टरीत तिची ऑब्जेक्ट फाइल शोधा. नसेल, तर निकाल चुकला आहे, चर्चेची गरज नाही. तुम्हाला सापडलेल्या त्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला ही एक मिनिटाची तपासणी तिथल्या तिथे बाद करते. फाइल असेल तर ताज्या मेनलाइनवर फक्त तो पॅच ‘गिट रिव्हर्ट’ करून, म्हणजे मागे घेऊन, पुन्हा तेवढ्याच खेपा घ्या. रिव्हर्टने बग जातो आणि परत लावल्यावर येतो, हे दाखवता आलं की मेंटेनरशी बोलणं फार सोपं होतं. बायसेक्टचं बोट मर्जकडे, म्हणजे दोन ब्रँच जोडणाऱ्या बिंदूकडे, गेलं तर त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. दोन्ही चांगल्या आणि एकत्र वाईट असंही घडतं: एका ब्रँचने फंक्शनचा अर्थ बदललेला असतो, दुसरीने त्याच काळात जुन्या अर्थाने नवा वापर सुरू केलेला असतो, आणि गिटला यात कुठेच विरोध दिसत नाही.

तरीही सापडलेला पॅच दोषी असतोच असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ५.३ च्या तोंडावर एका डेव्हलपरचं मशीन बूट होताना लॉगिनच्या आधीच अडकायचं. बायसेक्टने एक्स्ट४ फाइलसिस्टिममधल्या पॅचकडे बोट दाखवलं. तो पॅच निर्दोष होता, उलट चांगला होता: डिस्कवरची वाचनं एकत्र करून कमी वेळा मागणी करायचा. पण डिस्कच्या मागण्या घटल्या तशी इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाकांची, संख्या घटली, त्यातून कर्नलला मिळणारी यादृच्छिकता घटली, आणि बूटच्या वेळी यादृच्छिक आकडे मागणारा गेटरँडम कॉल करून बसलेला प्रोग्रॅम ती पुरेशी जमण्याची वाट पाहत राहिला. लिनसने ५.३ प्रसिद्ध करण्याआधी तो पॅच मागे घेतला. कोड बरोबर असला तरी वापरणाऱ्याचं मशीन बूट होत नाही, हे त्याच्या लेखी पुरेसं कारण होतं. पुढे ५.४ मध्ये गेटरँडमलाच प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक फरकांतून यादृच्छिकता तयार करायची सोय दिली, आणि एक्स्ट४चा पॅच परत घेतला. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. बायसेक्ट ‘बिघाड केव्हापासून दिसू लागला’ एवढंच सांगतं. ‘का’ ते वाचून काढावं लागतं.

स्टेबल मालिकांत, म्हणजे प्रसिद्ध आवृत्तीला पुढे दुरुस्त्या देत राहणाऱ्या मालिकांत, याचाच दुसरा प्रकार भेटतो. २०२३ च्या अखेरीस एक्स्ट४चा एक पॅच ६.१.६४ मध्ये घेतला गेला. मेनलाइनमध्ये तो अगदी बरोबर होता, कारण तिथे डायरेक्ट आयओच्या (मधली मेमरी टाळून थेट डिस्कवर वाचन-लेखन) कोडातला आधीचा एक बदल हजर होता. ६.१ मध्ये तो बदल आलेलाच नव्हता, आणि डेटा खराब होऊ लागला. डेबियनने आपली १२.३ आवृत्ती थांबवली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. म्हणून बग स्टेबलमध्ये दिसला की तोच पॅच असलेला मेनलाइनही तपासा. तिथे बग नसेल, तर वाटेत काय मागे राहिलं ते शोधायचं.

मेंटेनरला लिहिताना पॅचच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं पूर्ण शीर्षक द्या, कारण दुरुस्तीच्या पॅचमध्ये ‘फिक्सेस’ या ओळीत तेच जातं. सोबत बायसेक्टचा लॉग, कॉन्फिग, डीमेसेज, रिव्हर्टचा निकाल आणि किती खेपांत किती वेळा, हे आकडे. पॅचवर सही असलेल्या सगळ्यांना पत्रात घ्या आणि रिग्रेशनच्या यादीलाही प्रत पाठवा. आधी चालत असलेलं बिघडता कामा नये हा कर्नलचा पहिला नियम आहे, आणि नेमका पॅच दाखवणाऱ्या तक्रारीकडे लक्ष लवकर जातं.

राहिला तुमचा दोन दिवसांचा खटाटोप. तो सगळा फेकायची गरज नाही. लॉग फाइलमध्ये काढून घ्या. खालून वर जात ते शेवटचं ‘गुड’ शोधा, त्या हॅशचा कर्नल पुन्हा बिल्ड करून ठरलेल्या पूर्ण खेपा द्या. अडकला, तर ती ओळ आणि तिच्याखालचं सगळं फाइलमधून पुसा, ‘गिट बायसेक्ट रीसेट’ करा आणि उरलेली फाइल ‘गिट बायसेक्ट रीप्ले’ला द्या. गिट तुम्हाला थेट त्याच वळणावर आणून उभं करेल आणि या वेळी तिथे ‘बॅड’ सांगता येईल. नाही अडकला, तर त्याच्या वरच्या ‘गुड’वर जा आणि तीच तपासणी करा. आठ-दहाच खेपा देऊन ‘गुड’ म्हटलेला प्रत्येक कर्नल या रांगेत आहे.